रविवारी जाणारं नेट

महाजन काकांनी कुणाला 'नाही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या शनवाऱ्यातल्या गल्लीत दोन गणेश मंडळं होती, दोघांचं आपसात पटत नव्हतं आणि काका दोन्हींचे अध्यक्ष होते. मांडवाच्या जागेवरून भांडण पेटलं तेव्हा एका मंडळाने दुसऱ्याविरुद्ध अर्ज दिला. अर्जावर सही काकांची होती. त्याला जे उत्तर गेलं, त्यावरही काकांचीच होती. मी विचारलं तर म्हणाले, "दोघंही घरी आले होते ना बाप्पा. आलेल्या माणसाला खाली हात कसं पाठवायचं?"

कापडाच्या पेढीवरून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने स्कूटर घेतली. ती गल्लीतल्या सगळ्यांनी चालवली. काका रोज सकाळी नदीवर, राजघाटावर जायचे ते पायी, आणि वाटेत कुणी त्यांच्याच स्कूटरवरून समोर आलं की हात वर करून त्याला आशीर्वाद द्यायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर पुण्यात. त्यानेच आग्रहाने काकांच्या घरी वायफाय बसवून दिलं, कारण दर रविवारी संध्याकाळी त्याला आईवडिलांचं तोंड बघायचं असे. वायफाय आठवडाभर ठणठणीत चालायचं आणि रविवारी, शेखरचं बोलणं रंगात आलं की जायचं. मग काका आमच्या दारात उभे. "मास्तरीणबाई, ते परत रुसलं." मी गणित शिकवते. जो गणित शिकवतो त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा आमच्या गल्लीचा नियम आहे.

मी राऊटर बंद करून चालू केला. फ्रिजवरून काढून टेबलावर ठेवला. काकूंनी त्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल, तो तापतो म्हणून काढायला लावला. वायर बदलली. कंपनीचा माणूस आला तो मंगळवारी. सगळं तपासून 'लाइन एकदम ओके' म्हणाला, चहा प्याला आणि काहीतरी बदलल्याशिवाय जाणं बरं दिसत नाही म्हणून अडॅप्टर बदलून गेला. रविवारी नेट गेलं. शेवटी काकूंनी राऊटरला लिंबू-मिरची बांधली आणि त्या रविवारी नेट हललं नाही. काकूंनी सगळं श्रेय लिंबाला दिलं. शेखर त्या दिवशी दौऱ्यावर होता आणि त्याचा कॉल आलाच नव्हता, ही गोष्ट गणिताच्या शिक्षिकेच्या लक्षात यायला हवी होती. आली नाही.

नेट गेलं की शेखर साध्या फोनवर लावायचा. तोवर काका राऊटरच्या पाठी लागलेले असायचे, म्हणून फोन काकू घ्यायच्या. आणि आपल्याला घरादाराच्या व्यवहारातलं काही कळत नाही, असं काकूंनी शेखरला आधीच सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. "समोर बसूनच बघ, काय होतं ते." आम्ही दोघी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. काका टेबलाशी खुर्चीवर, समोर मोबाइल. शेखर म्हणत होता, "पप्पा, तिथे तुम्ही दोघंच राहता. रात को कुछ हुआ तो? इथे तुमची खोली तयार आहे. घर विकून टाकू ना. घ्यायला गिऱ्हाईक पण आहे. फक्त हाँ बोला."

"बरोबर आहे बेटा तुझं," काका म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"मग नक्की समजू?"

मी खाली बसले होते म्हणून मला दिसलं. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड होता. काकांनी चप्पल काढली, अंगठा पुढे केला आणि बोर्डाचं बटण हलकेच दाबलं. राऊटरचे दिवे विझले. "गेलं!" काका इतक्या दुःखाने म्हणाले, की डोळ्यांनी बघूनही मला क्षणभर राऊटरचा राग आला.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले.  म्हणाले, "पोरगा प्रेमाने बोलावतो हो. त्याला नाही कसं म्हणू? मशीन म्हणतंय, तर म्हणू दे."

पुढच्या रविवारपासून मीही राऊटर तपासायला जाऊ लागले. अगदी मन लावून तपासायची. एकदा लवकर गेले तर काकू झाडत होत्या. झाडता झाडता त्यांनी भिंतीकडे गेलेला बोर्ड केरसुणीने टेबलाखाली, बरोबर खुर्चीसमोर सरकवला. मी बघतेय हे दिसल्यावर म्हणाल्या, "ह्यांचे गुडघे दुखतात. वाकवत नाही त्यांना."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर शेखर वडिलांसमोर बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "पप्पा, आता चला." मध्ये मोबाइल नव्हता, राऊटर नव्हता, बोर्ड सरकवणारं माणूसही नव्हतं. काका म्हणाले, "चल." शेखर वाईट मुलगा नाही. उलट इतका चांगला आहे की तिथेच सगळी पंचाईत झाली.

आता रविवारी काकांचा कॉल मला येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "राजघाटाला पाणी कुठवर आलं?" मी पायऱ्यांचा अंदाज सांगते, पलीकडे जैनाबादच्या बाजूला केळी कशी दिसते ते सांगते. कुठलं मंडळ काय करतंय तेही सांगते. त्या घराला आता दुसरंच कुलूप आहे, ते सांगत नाही. मला त्यांची फार आठवण येते. एकदा तसं बोलून गेले तर म्हणाले, "मग आता कुणाचं नेट रिपेअर करता मास्तरीणबाई?"

मागच्या रविवारी मी नको तो प्रश्न विचारला. "काका, करमतं ना तिकडे?"

"हो ना. सगळे फार जपतात. शेखर तर..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनी खाली पाहिलं आणि सावकाश वाकले. खुर्ची करकरली, गुडघा धरून कण्हल्याचा आवाज आला, आणि चित्र गेलं.

थोड्या वेळाने शेखरचा मेसेज आला. 'ताई, इथलं नेट कधीच जात नाही, आज पता नहीं क्या हुआ. तिकडे तुम्हीच बघायच्या ना? काही उपाय असेल तर सांगा.'

 मी लिहिलं, 'बोर्ड टेबलाखाली ठेव, त्यांच्या पायाशी. गुडघे दुखतात त्यांचे. वाकवत नाही.'