गोल बटणांची पेटी

माझी आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तीस वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पोरांना एकच वाक्य ऐकवलं: आधी वाच, मग हात लाव. पोरं तिला मागून 'भिंग' म्हणायची आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काचबिंदूनं तिला गाठलं. हे दुखणं चोरपावलांनी येतं. साठीला पोचली तोवर तिला खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं.

लग्न तिनं केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि पुढेही एकटीच राहणार होती. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते अधूनमधून काळजीनं काहीतरी सुचवायचे आणि ती म्हणायची, भीक नको पण कुत्रा आवर. एकदा हात पुसायच्या फडक्यानं शेगडीवर पेट घेतला. विझवलं तिनंच, पण बाबांनी गॅस काढून नेला आणि बजावलं की पुन्हा असं काही झालं तर सरळ सामान बांधायचं. गॅसच्या बदल्यात तिनं मायक्रोवेव्ह मागून घेतला. साधा, दोन गोल बटणांचा. वरचं बटण आचेचं, खालचं वेळेचं.

तिनं त्याचं नाव ठेवलं 'पेटी', आणि पहिला आठवडाभर शिजवलं काहीच नाही. नुसती बटणं फिरवत बसली. आचेच्या बटणाला पाच खटके होते. वेळेच्या बटणावर एक उंच रेघ होती. ती सरळ उजवीकडे वळली की पाच मिनिटं. त्याच्या अलीकडचं पलीकडचं तिनं आकडे मोजून मोजून बोटांत बसवलं. मग तिचा स्वयंपाक सुरू झाला, म्हणजे खरं तर प्रयोगशाळाच सुरू झाली. नवं भांडं आलं की आधी त्याची परीक्षा. भांडं रिकामं आत ठेवायचं, शेजारी पाण्याचा कप, एक मिनिट. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर पास. भांडंच तापलं तर नापास, मग ते कुणीही भेट दिलेलं असो. माझ्या आईनं दिलेले सोनेरी काठाचे कप तिनं परीक्षेलाही बसू दिले नाहीत. काठाला धातू आहे, ठिणग्या उडतील, असं म्हणून परत पाठवले. आईनं सहा महिने तोंड फुगवलं.

बटाट्यांना काट्यानं भोकं पाडल्याशिवाय आत प्रवेश नव्हता, आणि ते बशीच्या कडेकडेनं गोल मांडायचे, कारण मधलं शिजत नाही. अंडं अख्खं कधीच नाही. कपात पाणी तापवायचं तर त्यात लाकडी चमचा उभा, नाहीतर पाणी उकळल्याचं दाखवत नाही आणि धक्का लागला की अंगावर उसळतं. अर्ध्या वेळेला थांबून ढवळायचं. घंटी वाजली तरी दोन मिनिटं दार उघडायचं नाही, कारण आतलं अजून शिजत असतं. झाकण काढायचं ते स्वतःच्या तोंडापासून दूर, वाफ पलीकडे जाईल असं. मी डोळस बाई, माझ्याकडे निम्मा भात कच्चा आणि निम्मा रबरासारखा. तिच्याकडचा भात मोकळा असायचा. दहा वर्षांत तिच्या हाताला एक चटका नाही.

आणि मग मला हुक्की आली. आत्या सत्तर वर्षांची होणार होती. पेटीचा रंग उडाला होता, ती खडखडायची, दार दोनदा ढकलावं लागायचं. मी म्हटलं, हे धोक्याचं आहे. आत्या म्हणाली की दार नीट लागल्याशिवाय पेटी चालूच होत नाही, एखाद्या मेकॅनिकला बोलाव, तासाभराचं काम आहे. मी ऐकणार होते थोडीच? मी आमच्या घरातली कर्ती, सगळ्यांचं सगळं मलाच कळतं. वाढदिवसाला दुकानातला सर्वांत देखणा मायक्रोवेव्ह आणला. समोर गुळगुळीत काळी काच, तिच्यावर दिव्यांचे आकडे, चोवीस तयार कार्यक्रम. जुनी पेटी त्याच तासाला भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली. जिन्यातून उतरवायला मी स्वतः हात लावला.

आत्यानं काचेवर बोटं फिरवली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा. मी सांगत होते, हे बघ, खालून दुसरी ओळ, तिथं अर्धं मिनिट वाढतं. 'हे बघ' म्हणत होते मी तिला. ती म्हणाली, "छान आहे गं. केवढा खर्च केलास." मी खूश होऊन घरी गेले.

त्यानंतर मी रोज दुपारी फोन करायचे. काय केलंस जेवायला? ती सांगायची: बटाटे, किंवा भात आणि भोपळा, किंवा सूप. चव कशी झाली तेही सांगायची. चार महिन्यांत ती बारीक झाली. मी म्हटलं, छान, अंग हलकं झालंय.

एक दिवस ऑफिसला लवकर सुट्टी झाली म्हणून तिच्याकडे निघाले. जिन्यात शेजारीण भेटली आणि तिनं चौकशी केली, आत्या आता बऱ्या आहेत ना, त्या धुरानंतर? मला काहीच माहीत नव्हतं. मग तिनं सांगितलं की तीन महिन्यांपूर्वी आत्यानं बटाटे ठेवले होते, बोट कुठेतरी भलतीकडे पडलं, नवी पेटी थांबेचना. काचेवर कुठे दाबून ती बंद करायची ते आत्याला सापडेना. बटाट्यांचा कोळसा झाला. शेजारणीनं येऊन प्लग काढला. कुणाला सांगू नका, असं आत्यानं तिला हात जोडून विनवलं होतं.

मी तिथंच जिन्यात उभी राहून फोन लावला. काय जेवतेयस? आत्या म्हणाली, भात केलाय, ऊन ऊन. मग मी वर गेले. दार लोटलेलंच होतं. ती टेबलाशी बसून गार दुधात पाव बुडवून खात होती.

माझी पावलं तिनं ओळखली. वाडगा लपवायला ती उठली आणि पुन्हा बसली.

"किती दिवस हे?" मी विचारलं.

"धूर झाला तेव्हापासून. त्याआधीही फारसं जमत नव्हतंच."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं की तुझ्या बाबांना कळणार. पुन्हा काही झालं तर सामान बांधायचं, असं ठरलंय ना." मग ती म्हणाली, "आणि तू किती हौसेनं आणला होतास गं."

मला रडू आलं आणि तिचाच रागही आला. रागावण्यासारखं माणूस त्या खोलीत एकच होतं, ते मी. भंगारवाल्याकडे गेले. चार महिन्यांनी तो काय ठेवणार? दुकानं पालथी घातली. जिकडे तिकडे काचच. शेवटी एका जुन्या मालाच्या दुकानात दोन गोल बटणांचा एक मिळाला. खटके पाचच्या जागी सहा, पण तेवढं ती शिकली असती. हेच तर तिचं काम होतं.

मी बटाटे मांडून दिले. तिनं बटणावर हात ठेवला. मी वाट पाहत राहिले. तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर पुसला.

"तूच लाव," ती म्हणाली.

दोन आठवडे मी रोज गेले. रोज हात बटणापर्यंत यायचा आणि फिरायचा नाही. धुराचं नाव ती काढत नव्हती, मीही काढत नव्हते. पंधराव्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "रोज किती जिने चढशील? तुझ्याकडे एखादा पलंग मावेल का?" भाड्यानं खोली मागावी तसं विचारलं. जिनं आयुष्यात कुणाच्या दारी हात पसरले नाहीत, ती.

आता ती आमच्याकडे असते. मी वाढते, ती जेवते. बाबांच्या जिवाला घोर उरला नाही. येणारा जाणारा म्हणतो, नशीब काढलं आत्यानं, भाची असावी तर अशी. मी मान हलवते. आत्याही त्यांना माझ्यासमोर तेच सांगते आणि मनापासून सांगते, ते मात्र मला ऐकवत नाही.