मुर्ध्याचा पत्र्याचा पूल

माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि रीतीला गुण द्यायचे नाहीत. उत्तर चुकलं की शून्य. पानभर बरोबर पायऱ्या लिहून शेवटच्या ओळीत घसरलेल्या मुलांनाही शून्यच. घरातही हाच नियम होता. त्यामुळे लहानपणी मी पुष्कळ शून्यं घेतली आणि पुढे हट्टाने सिव्हिल इंजिनिअर झाले.

नव्वदीच्या दशकात गिरगावातली खोली सोडून आम्ही लांबच्या उपनगरात, हाटकेशला आलो. बाबा तोवर निवृत्त झाले होते. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते पाऊल ठेवत नसत; बिल्डरचं गणित कुणी तपासलंय, असं त्यांचं म्हणणं. मी एका छोट्या डिझाइन ऑफिसात लागले होते. मुलीला बँक बरी, हे मत मला रोज जेवताना भाजीबरोबर मिळायचं.

तेव्हा जवळच्या मुर्धा गावातल्या एका नाल्यावर आमच्या ऑफिसने प्रयोग म्हणून पूल केला. नागमोडी पोलादी पत्रे बोल्टांनी जोडून कमान करायची, तिच्या दोन्ही बाजूंना आणि वर मुरूम दाबून भरायचा, त्यावर रस्ता. गावातल्या एका म्हाताऱ्याने पत्र्यावर टिचकी मारून मला विचारलं, "ह्यो तं पत्रा हाय. गाडी जाईल का यावरनं?" मी सांगितलं, जाईल, फक्त पूल थोडा वाकेल. दुसऱ्या दिवसापासून गावातले लोक लांबच्या बांधावरून जाऊ लागले.

खरं तर वाकणं हेच त्याचं काम. वजन आलं की कमान किंचित खाली बसते आणि बाजूंनी फुगते. बाजूचा मुरूम तिला दाबून धरतो आणि वजन दोघांत वाटलं जातं. प्रश्न एवढाच, की वाकेल किती. तो अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. खाली खाडीचा चिखल, वर मुरूम नीट दबलाय की नाही याची खात्री नाही. मी सगळं वाईटात वाईट धरलं आणि बारा मिलिमीटर लिहिले. साहेबांनी ठरवलं, भरलेला ट्रक वर उभा करून मोजू. बाराच्या पुढे गेलं तर पूल उकरून काढू.

घरी बाबांनी स्वतःची अट घातली. आकडा चुकला तर बँकेची परीक्षा द्यायची. मी रागाच्या भरात हो म्हटलं.

चाचणी ओहोटीला होती. बाबा टोपी घालून, छत्री घेऊन आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ट्रकवाल्याने पुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पहले आप नीचे बैठो." मला तसंही खालीच बसायचं होतं. कमानीच्या माथ्याला टेकवलेलं, ती किती खाली बसली ते काट्याने दाखवणारं डायल गेज कुणीतरी वाचायला हवं होतं.

मी वाकून आत शिरले. मागून चिखलात पावलं वाजली. बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला आणि छत्री हातात घेऊन आत येत होते. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. गेज वाचायला दोघं लागतात, असं म्हणून ते माझ्या शेजारी पालथ्या घमेल्यावर बसले. गेजबद्दल त्यांना काहीही माहिती नव्हती.

ट्रक डोक्यावर आला. पत्रा कण्हला, काटा सरकला आणि थांबला. बाबांनी माझा दंड धरला होता, तो ट्रक जाईपर्यंत सोडला नाही. मग काटा जवळजवळ होता तिथे परत आला. बाहेर साहेबांनी विचारलं, मी आकडा ओरडून सांगितला, आणि लोक हसू-बोलू लागले.

"किती म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"चार."

"आणि तू काढलेले?"

"बारा."

"म्हणजे चुकलं."

मी हो म्हटलं. मातीने मी धरलं होतं त्याहून कितीतरी जास्त वजन उचललं होतं. पूल राहणार होता आणि मी बँकेत जाणार होते. मला रडू आलं, आणि ते लपवायला त्या कमानीत जागाही नव्हती.

बाबांनी वरच्या पत्र्याकडे पाहिलं. मग छत्री माझ्या हातात दिली आणि पायाजवळचा चिखल तळहाताने पाटीसारखा सपाट केला.

"रीत दाखव," ते म्हणाले.