मिन्चोने मान कशी हलवली?

गीनाला बघून कोणी म्हणालं नसतं की ही बाई कधीकाळी मुलाच्या खटल्यापायी टीव्हीवर दिसून गेली आहे. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्याला फडकं. कॅनिंगच्या कारखान्यात मिरच्या भाजून सोलण्यात उभा जन्म गेला, बोटं कायमची खरबरीत झालेली. माझ्या कॉफीच्या दुकानावरून रोज जायची, पण आत म्हणून कधी यायची नाही. का यायची नाही ते सांगते, आणि सांगताना माझं डोकं फिरलं तर फिरू दे.

माझं दुकान डोल्नी ब्रेगच्या बसस्टँडला लागून. टेबलं चार. खिडकीजवळचं टेबल म्हणजे सुप्रीम कोर्ट! तेवीस वर्षं तिथे एकच खटला चालू आहे: खासदार स्तामेनोव्हला कोणी मारलं? शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, संध्याकाळी, घराच्या फाटकाशी त्याची गाडी थांबली आणि कुंपणामागून कोणीतरी गोळ्या झाडल्या. स्तामेनोव्ह जागच्या जागी गेला. त्याचा ड्रायव्हर मिन्चो, त्याच्या गळ्यात गोळी घुसली, तो तीन दिवस जगला. आणि खुनी म्हणून गीनाचा एकुलता एक आसेन जन्मठेपेवर गेला.

"तीन गोळ्या!" बसवाला कोस्ता रोज तीन बोटं नाचवतो. "कागदावर दोनच. तिसरी काय हवेत विरघळली? मी बस वळवत होतो, या कानांनी ऐकलंय."

"तुझ्या बसचा सायलेन्सर फुटला होता त्या वर्षी," मी म्हणते.

"स्तेफ्का, तू आपली कॉफी बघ."

"गोळ्या काय मोजतोस, गड्या," फिलिपोव्ह मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना साधं काही दिसतच नाही. "हुकूम कुठून आला ते बघ." आणि छताकडे बघतात. जसं काही मॉस्को माझ्या माळ्यावरच आहे!

कधी खुनी स्तामेनोव्हची विधवा असते, तिचं म्हणे एका डॉक्टरशी होतं. कधी सोन्याच्या साखळ्या घालून फिरणारे ते खंडणीखोर पैलवान असतात, ज्यांच्या नावाने तेव्हा अख्खा देश चळाचळा कापायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण एक आहे, या टेबलावर आसेनला खुनी म्हणणारा आजवर एकही निघाला नाही. आणि त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढलेलाही एक निघाला नाही. गीना आत का यायची नाही, कळलं? आपलं पोर आत सडतंय आणि लोक त्याच्यावर कॉफी ढोसतायत, हे कुठली आई बघत बसेल?

आसेन कारखान्यात वायरमन होता. कारखाना स्तामेनोव्हने आपल्या दोस्तांना विकायला काढला, तेव्हा सभेत खुर्चीवर चढून पोरगा ओरडला, "तुला जिवंत सोडणार नाही!" सगळ्या गावाने ऐकलं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो. मी माझ्या नवऱ्याला हेच रोज म्हणायचे, तो बिचारा हार्ट अटॅकने गेला. खुनाच्या संध्याकाळी आसेन एकटाच डॅन्यूबवर गळ टाकून बसला होता. मासा मिळाला नाही, साक्षीदारही नाही.

तरी तेवढ्यावर जन्मठेप झाली नसती. त्याला बुडवलं ते मिन्चोच्या मानेने.

आमच्याकडे 'हो' म्हणायला मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणायला वर-खाली. बाहेरच्या देशांत सगळं याच्या उलट. मिन्चोने अकरा वर्षं जर्मनीत ट्रक चालवलेला. हॉस्पिटलात तपास अधिकाऱ्याने त्याच्यासमोर आसेनचा फोटो धरला आणि विचारलं, "हाच का?" मिन्चोला बोलता येत नव्हतं, गाडीतून कोसळताना मोडलेला लिहायचा हात प्लास्टरमध्ये. त्याने मान हलवली, वर-खाली, दोनदा. अधिकाऱ्याने लिहिलं, 'मान हलवून होकार दिला.' का, तर माणूस जर्मनीत राहिलेला, त्याची सवय तिकडचीच. खाली नर्सची सही, वेलिकाची. दुसऱ्या दिवशी मिन्चो गेला, आता विचारणार कोणाला?

ही वेलिका गीनाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आणि खरं सांगा, गीनाच्या जागी दुसरी कोणी असती तर तिने वेलिकाचं तोंड तरी पाहिलं असतं? पण गीना दर गुरुवारी तिच्याकडेच ब्लडप्रेशर बघायला जायची. वीस वर्षं! मीही जायचे, माझंही वाढलेलंच. त्या दोघी पावाबद्दल बोलायच्या, लिफ्टबद्दल बोलायच्या, आसेनचं नाव नाही. एकदा न राहवून मी विचारलंच, "गीना, अगं हिच्याकडेच का?"

"हात हलका आहे तिचा," गीना म्हणाली. विषय संपला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती तुरुंगात भेटीला जायची. बानित्सा भाजून न्यायची, आत चीज भरपूर. पहारेकरी आत काही लपवलंय का बघायला तिच्यासमोरच सुरीने बानित्साचे तुकडे तुकडे करायचे. ती मग घरूनच तुकडे करून न्यायला लागली, म्हणजे निदान नीट कापलेले जातील. अशी बाई.

गेल्या वर्षी डॉक्टरने सांगितलं, हृदय थकलंय, फार तर वर्षभर. ती रडली नाही. मला रस्त्यात थांबवून एवढंच म्हणाली, "स्तेफ्का, तो सुटून आला आणि मी नसले, तर त्याला दार कोण उघडेल?"

"येईल गं," मी म्हटलं. काय बोलणार? जन्मठेपेचा कैदी कुठला यायला!

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची गोष्ट, मीही तिथेच होते. वेलिकाने पट्टा गुंडाळला, पंप मारला, आणि गीनाने एकदम विचारलं, "वेलिका, मिन्चोला पाणी हवं असलं की तो मान कशी हलवायचा?"

बघा हं. तेवीस वर्षं माझ्या टेबलावर गोळ्या मोजल्या, मॉस्को मोजलं, विधवेचे डॉक्टर मोजले. हा एवढा साधा प्रश्न कुणा शहाण्याला सुचला नाही. मलाही नाही.

वेलिकाचा हात थांबला. पट्टा तसाच फुगलेला. "आडवी," ती म्हणाली.

"आणि नको असलं की?"

"वर-खाली. आपल्यासारखीच." तिने कानातली नळी काढली. "दिवा बंद करू का विचारलं, तर वर-खाली केली. मला वाटलं जर्मन रीत असेल, म्हणून बंद केला. तर पलंगावर पाय आपटायला लागला. लावला तेव्हा शांत झाला. शेवटचे दोन दिवस तो आपल्याच मानेने बोलत होता, गीना. फोटो बघून तो 'नाही'च म्हणाला."

"मग सही?"

"मोठे डॉक्टर शेजारी उभे होते. तो अधिकारी म्हणाला, बाई, तुम्ही नर्स आहात, दुभाषी नाही. सही करा. माझं पोर दोन वर्षांचं होतं, नोकरी..." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

मला तर तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवीस वर्षं, बाई! गीना मात्र म्हणाली, "पट्टा सोड आधी. हात बधिर झालाय."

मग वकील आला, फेरसुनावणीचा अर्ज झाला, वेलिकाने सगळं लिहून दिलं. गीनाने आसेनच्या खोलीचं रंगकाम काढलं. दम लागायचा, तरी स्टुलावर चढून स्वतःच ब्रश मारत होती. मी ओरडले, तर म्हणते, "तो सिगरेट ओढतो, भिंती काळ्या होतात, फिका नको." तिच्या तोंडून 'ओढतो' ऐकलं आणि मला भडभडून आलं.

आता माझं पाप सांगते. सोफियाहून एक टीव्हीवाली पोरगी आली. कॅमेरा दिसला की माझी जीभ सुटते, जित्याची खोड. ती म्हणाली, मिन्चोची काही आठवण सांगा ना. आणि मी हसत हसत तो जुना किस्सा सांगितला. मिन्चो जर्मनीहून परत आला तेव्हा मी विचारायचे, आणखी कॉफी? तो मान वर-खाली करायचा. मी कप उचलून आत न्यायचे. तो ओरडायचा, "अगं बये, हवी होती मला!" गावात कितीदा सांगितला असेल हा किस्सा, लोक पोट धरून हसायचे. त्या दिवशी कॅमेरावालाही हसला.

पंधरा दिवसांत मला कोर्टाचं समन्स.

सरकारी वकील कोवळाच होता, केस चापून बसवलेले. अगदी आदराने विचारलं, "मिन्चोला कॉफी हवी असली की मान कशी हलवायचा, ताई?"

"वर-खाली."

"म्हणजे होकार?"

"पण साहेब, ते तो नवीन आला तेव्हाचं. पुढे पुढे..."

"पुढे सवय बदलली, हे शपथेवर सांगाल?"

मी गीनाकडे पाहिलं. ती पहिल्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. पुढे काय बदललं होतं? काही नाही. शेवटपर्यंत कधी असा, कधी तसा. आम्ही त्यावर पैजा लावायचो. आयुष्यभर थापा मारल्या मी, दुधात पाणी घातलं, आणि नेमकी त्या दिवशी माझ्यातली हरिश्चंद्राची अवलाद जागी झाली. "नाही सांगू शकत," मी म्हटलं.

निकाल अर्ध्या पानाचा होता. मयताच्या मानेच्या हालचालीचा अर्थ निश्चित करता येत नाही, सबब मूळ निकालात बदल करण्याचं कारण नाही. म्हणजे कळत नाही, म्हणून मरू दे आत! वकिलाने अपिलाचं काहीतरी पुटपुटलं. गीनाने त्याचे आभार मानले आणि त्याला बानित्साचा डबा दिला.

माझ्या खिडकीजवळच्या सुप्रीम कोर्टात दुसऱ्याच दिवशी नवा खटला उभा राहिला. "वेलिकाला कोणी पढवलं?" कोस्ता म्हणाला. "तेवीस वर्षांनी अचानक आठवतं?" मास्तर म्हणाले, नर्सेसमध्ये पूर्वी खबरे पेरलेले असत, हे इतिहासाला ठाऊक आहे. जन्मात एकदा खरं बोललेली बाई, तीही यांच्या पोतडीत गेली. वेलिकाने दार लावून घेतलं. आता ती कोणाचं प्रेशर बघत नाही.

आणि मग परवा मंगळवारी, भर दुपारी, गीना माझ्या दुकानात आली. पहिल्यांदा. जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती, पाय सुजलेले. सरळ खिडकीच्या टेबलाशी गेली आणि कोस्ता आणि मास्तरांच्या मध्ये बसली. कोस्ताची तीन बोटं हवेतच राहिली.

"थांबलात का? बोला की," ती म्हणाली. "मी ऐकायला आलेय."

"गीना, अगं आम्ही आपलं उगाच..." मास्तर चाचरले.

"उगाच नाही. तुमच्या कुठल्याच गोष्टीत माझा आसेन नसतो. कोर्टाच्या कागदात तोच आहे, नुसता तोच. मी यापुढे इथेच बसत जाईन. सांगा, कोणी मारलं?"

मास्तरांनी साखर ढवळली. साखर टाकलेलीच नव्हती. कोस्ता बाहेर बसस्टँडकडे बघायला लागला. तेवीस वर्षं टकळी चालवणारे हे दोन वीर! गीना एकाकडे बघायची, मग दुसऱ्याकडे, शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखी. माझ्याने ते बघवेना.

मी ट्रे खाली ठेवला. खुनाच्या संध्याकाळी माझं दुकान बंद होतं. मी शेजारच्या गावात दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते, मी काय बघणार कपाळ!

"गीना," मी म्हटलं, "मी पाहिलं होतं. दोन माणसं. त्या संध्याकाळी, इथूनच गेली, नदीच्या बाजूने नव्हे, टेकडीच्या बाजूने. आपल्या गावातली नव्हती."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

तिने पर्स टेबलावर ठेवली. मग तो खरबरीत हात माझ्या हातावर ठेवला. "असू दे. आता सांग. उंच होते?"

"एक उंच होता."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याच्या अंगात तपकिरी जॅकेट होतं," मी म्हटलं. कोस्ताने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "लेदरचं?"