प्रयागबाईंचा शेरा

प्रयागबाई आमच्या हॉस्पिटलात बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. महाल भागातून सायकलवर यायच्या, सात म्हणजे सात. मी शेजारच्या वॉर्डची इन्चार्ज. १९७७ साली आम्ही दोघींनी एक ट्रेनिंग केलं, आणि ते केलं नसतं तर बरं झालं असतं असं मी आजही म्हणते.

हाताखालच्या नर्सेसमधून पुढे नेण्याजोगी कोण, तिला तयार कसं करायचं, हे इन्चार्ज सिस्टरांना शिकवायचं होतं. पाच दिवस, बायका बावीस, पंखा एक. तिसऱ्या दिवशी ट्यूटरबाई गोपनीय अहवालावर आल्या. दर मार्चात आम्ही प्रत्येक नर्सवर तो भरून सीलबंद पाकिटात वर पाठवायचो. बढती त्यावरच ठरायची. ट्यूटरबाई म्हणाल्या, "'आज्ञाधारक' असं लिहू नका. वरचे लोक त्याचा अर्थ काढतात, सांगितलेलं करते, स्वतःचं डोकं नाही. अशीला इन्चार्ज कोण करेल?"

सगळ्या हसल्या. प्रयागबाईंनी मात्र पेनाला टोपण लावलं.

त्यांच्या वॉर्डात शामला होती. हॉस्पिटलात तिच्या तोडीची नर्स नव्हती. प्रयागबाईंचा तिच्यावर जीव. म्हणून अकरा वर्षं त्या तिच्या अहवालात त्यांच्या मते सगळ्यांत मोठी शाबासकी लिहीत आल्या होत्या: आज्ञाधारक. शामलाची बढती तीनदा हुकली होती आणि कारण कुणालाच कळलं नव्हतं.

डबा खाताना मी विचारलं, "वाईट वाटून राहिलं काय वं?"

"काहीच नाही वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. तोंडातला घास चावायचा राहिला होता.

पुढचा मार्च आला. वयाच्या अटीमुळे शामलाची ही शेवटची संधी. प्रयागबाईंनी लिहिलं, 'प्रसंगी वरिष्ठांची आज्ञा मोडून स्वतःच्या निर्णयाने काम करते.' खाली दाखला दिला: डॉक्टरांनी चुकून दुप्पट लिहिलेलं इंजेक्शन शामलाने अडवलं आणि पेशंट वाचली. मला वाचून दाखवलं. मीही वा म्हणाले. माझी अक्कल तरी कुठे चरायला गेली होती!

चांगला शेरा कुणाला कळवत नाहीत, तो पाकिटातच राहतो. प्रतिकूल शेरा मात्र लेखी हातात देतात. जूनमध्ये शामला कागद घेऊन ड्यूटीरूममध्ये आली. मी तिथेच होते. कागदावर एवढंच होतं: वरिष्ठांची आज्ञा मोडते. इंजेक्शनचा पत्ता नाही. शेरा अर्धाच उतरवणाऱ्या ऑफिसातल्या शहाण्याचा मला असा संताप आला! असा कागद हाती आला की बढती गेली, हे शिकाऊ पोरींनाही ठाऊक होतं.

"बाई, मी केव्हा मोडली जी तुमची आज्ञा?"

"तुह्या भल्यासाठीच लिहलं होतं," प्रयागबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं आज्ञाधारक लिहलं, म्हणून तू मागं राहिली. ते मले मागच्या साली कळलं."

शामलाने कागद पुन्हा वाचला. "म्हणजे तेव्हाही तुम्हीच, अन् आताही तुम्हीच."

मला रडू फुटलं. प्रयागबाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद. मी वर दाखवते."

शामलाने कागदाची घडी केली आणि एप्रनच्या खिशात घातली.

"नाही देत," ती म्हणाली आणि बाराच्या औषधांना गेली.

"आता शेरा खरा झाला," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांचा हात तसाच पुढे होता. शेवटी मीच तो धरून टेबलावर ठेवला.