पाचव्या भागाची पाठ

पुस्तक बांधणाऱ्याला पुस्तक वाचावं लागत नाही, असं बाइंडर छाती पुढे काढून सांगायचा. नुसती पाठ चाचपली की त्याला कळे, वाचणारा कुठे रमला, कुठे कंटाळला, कुठे त्याला डुलकी लागली. शाळेचं पुस्तक पहिल्या दहा पानांत मळतं आणि पुढे कोरं करकरीत राहतं. भविष्याचं पुस्तक मालकाच्या राशीपाशीच उघडतं. "माणूस खोटं बोलेल, पाठ बोलणार नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तीस वर्षं दाभण आणि मेणदोरा हातात धरलेल्या माणसाचं वाक्य, त्यामुळे ऐकणाराही मान डोलवी.

घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खिडकीशी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. मागच्या तीन खोल्यांत संसार. पहिली बायको वारली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. दोन वर्षांनी त्याने लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एका विधवेशी लग्न केलं. ती आली तेव्हा तिच्या मागे तेरा वर्षांचा मुलगा उभा होता, हातात एक बॅग आणि चेहऱ्यावर 'ही कुठे ठेवू' असा प्रश्न. आता तो मुलगा सव्वीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. मुलगी चोवीसची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. दोघंही त्याला बाबा म्हणत आणि तिला आई. बाइंडर स्वतःशी म्हणे, दोन फाटकी पुस्तकं मी अशी एकत्र शिवली, की जोड कुठे आहे ते मलाही सापडू नये.

अशा या सुखी माणसाच्या दुकानात एके दुपारी लायब्ररीवाली आली. गल्लीच्या टोकाला तिचं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान. तोंड आणि चप्पल, दोन्ही सारखीच वाजायची. तिने जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, एक जाड भाग टेबलावर आपटला.

"बाइंडरदादा, हा पाचवा भाग दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मोडलाय. तुमची शिवण कच्ची की माझं नशीब?"

"माझी शिवण?" बाइंडरला ते लागलं. त्याने पुस्तक हातात घेतलं, सोडलं. ते धपकन एकाच जागी उघडलं. पाठीला तिथे खोल घडी पडली होती. "कोणीतरी हे पान उताणं घालून ठेवतंय. आहे काय एवढं यात?"

डाव्या पानावर जिन्याच्या वळणावर एक तरुण आणि एक तरुणी उभी होती. तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलं होतं, 'तू माझा भाऊ नाहीस. कधीच नव्हतास.'

"अहो, ते सगळ्यांना आवडतं," लायब्ररीवाली म्हणाली. "तिचे वडील आणि त्याची आई लग्न करतात. पोरं एका घरात वाढतात. मोठी झाल्यावर एकमेकांच्या प्रेमात. रक्ताचं नातं नाही, हे लिहिणारा पहिल्या पानावरच सांगून मोकळा होतो, म्हणजे कोणी दगड मारायला नको. असल्या वीस मालिका आहेत माझ्याकडे."

"आणि लोक वाचतात?"

"वाचतात म्हणजे काय, रांग लागते! मी पाहिलंय, ज्यांना सख्खा-सावत्र कुठलाच भाऊ नाही, बहीण नाही, त्यांना तर हे फारच गोड लागतं. ज्यांना आहे ते नाक मुरडतात."

बाइंडर हसला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "कोण मोडतं हे, कार्डावर असेल ना?"

लायब्ररीवालीने मागच्या पुठ्ठ्यातलं कार्ड काढलं, चष्मा वर केला आणि तिचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. "अगंबाई! दादा, तिन्ही वेळा तुमच्याच घरचा नंबर आहे."

ती गेली. बाइंडरने शिकंजा आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. खळ भांड्यात घट्ट झाली तरी त्याचा ब्रश बुडेना. मनात पाल चुकचुकली होती. लायब्ररीचं खातं मुलीच्या नावावर. पुस्तक तीच आणते. आणि पाठ तर खोटं बोलत नाही.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. कावीळ झालेल्याला जग पिवळं, तसं त्याला आपलंच घर दिसू लागलं. मुलगा सकाळी बहिणीला स्कूटरवर चष्म्याच्या दुकानापर्यंत सोडी. सहा वर्षं सोडत होता, पण बाइंडरला ते आता दिसलं. ती त्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करताना त्याच्या कानामागे हात घाली. आधी हे नव्हतं का? होतं. मग आधी का दिसलं नाही? दोघं भांडली तर तो म्हणे, फार भांडतात, यात काहीतरी आहे. गप्प बसली तर म्हणे, भांडत का नाहीत?

जेवताना तो दोघांच्या मध्ये जाऊन बसू लागला.

"बाबा, तुमची जागा तिकडे आहे," मुलगी म्हणाली.

"इथे वारा येतो."

"इथे भिंत आहे."

"भिंतीचाही येतो."

मुलगा खो खो हसला, तीही हसली. दोघं एकाच वेळी हसली, हेही बाइंडरने मनात टिपून ठेवलं.

एका रविवारी ती दोघं आईसाठी पंखा घ्यायला बाजारात निघाली, तर हाही पायात चप्पल सरकवून तयार. स्कूटरवर तिघं मावेनात. "मी चालत येतो, तुम्ही स्कूटर ढकलत चला," म्हणाला. बायको दारात उभी राहून त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. ती बोलणारी नव्हतीच. लॉन्ड्रीतून दुपारी तीनला यायची आणि मागच्या खोलीत तासभर पाय वर घेऊन पडायची, तेवढीच तिची चैन.

तिला विचारावं असं त्याला दहादा वाटलं. पण काय विचारणार? तुझा मुलगा आणि माझी मुलगी? तेरा वर्षांत या घरात 'तुझा' आणि 'माझी' हे शब्द आले नव्हते. ते आपल्या तोंडून पहिले निघायला नकोत, एवढं त्याला कळत होतं. न बोलता काय करायचं ते मात्र त्याने केलं.

लिफ्ट कंपनीची दुरुस्तीची रजिस्टरं त्याच्याकडेच बांधायला येत. रजिस्टरं पोचवायला गेला तेव्हा तो साहेबापुढे घुटमळला. "आमच्या पोराला जरा बाहेरचं काम शिकू द्या. लांबच्या शाखेत वगैरे."

साहेब म्हणाले, "शोधतच होतो माणूस तिकडे. कोणी जायला तयार नाही. बरं झालं बोललात."

आठ दिवसांत बदलीचं पत्र आलं. दोनशे किलोमीटर लांबची शाखा, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, मुदत लिहिलेली नाही. मुलाने ते पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"मी मागितली नव्हती, बाबा. साहेब म्हणतात, घरच्यांचीही इच्छा आहे. कुठल्या घरच्यांची?"

बाइंडरने पाण्याचा पेला उचलला. "नोकरी म्हटलं की फिरावं लागतं."

मुलगी रडायला लागली. "हा गेल्यावर मी काय करू या घरात?" बाइंडरला वाटलं, घ्या, वेगळा पुरावा कशाला हवा! आणि बायको? ती उठली, ताटं न उचलता मागच्या खोलीत गेली. पुढचे तीन दिवस ती मुलाचे शर्ट इस्त्री करत होती. इस्त्री केलेले शर्टही पुन्हा इस्त्री करत होती.

चौथ्या दिवशी दुपारी बाइंडरला राहवेना. चौथ्यांदा मोडून आलेला तो पाचवा भाग घेऊन तो मागच्या खोलीत गेला आणि पुस्तक पलंगावर टाकलं. ते उघडलं, अर्थात तिथेच.

"हे बघ. मला बोलायला लावू नकोस, हेच बघ. आपल्याच घरात हे चार वेळा मोडलंय, याच पानावर. म्हणून मी साहेबांना सांगितलं. उद्या काही होऊन बसण्यापेक्षा..."

बायको पुस्तकाकडे पाहत राहिली. मग त्याच्याकडे.

"तुम्ही सांगितलंत?"

"पाठ खोटं बोलत नाही."

"पाठ कशाला बोलेल! माझ्यामुळे मोडलंय ते. आपली पोरगी माझ्यासाठी आणते. दुपारी वाचता वाचता डोळा लागतो, मग उताणं घालून वर चष्म्याचं घर ठेवते." तिने बोट उजव्या पानावर ठेवलं. "ही पुस्तकं उजवीकडून वाचतात, एवढंही माहीत नाही तुम्हाला. आधी हे पान येतं."

बाइंडरने ते पान पहिल्यांदा पाहिलं. त्यात ना जिना होता, ना प्रेम. एक मध्यमवयीन बाई दाराजवळ चपलांच्या फळीशी बसली होती, मुलाचा बूट हातात घेऊन. फुग्यात लिहिलं होतं, 'माझ्या लेकराला घर मिळावं म्हणून मी इथे आले. उद्या यांनी त्यालाच जा म्हटलं, तर मी कुठल्या तोंडानं राहू?'

"तेरा वर्षं मी हेच भीत आले," ती म्हणाली. "तुम्ही भीती वाटावी असं कधी वागला नाहीत, म्हणून कुणाला सांगितलं नाही. ही जपानातली बाई ते बोलते, म्हणून वाचत होते."

बाइंडरने पुस्तक मिटलं. मग चप्पल विसरून तसाच अनवाणी कंपनीत गेला. साहेब म्हणाले, पत्र निघालंय, आता नको असेल तर ज्याच्या नावाचं आहे त्यालाच नकार सही करून द्यावा लागेल.

म्हणजे मुलाला सांगणं आलं. संध्याकाळी दोघं कामावरून आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं, पान दाखवून, काही न लपवता.

मुलगी किंचाळली. "शी! बाबा! याच्या मोज्यांचा वास घेतलाय का कधी तुम्ही? त्या पुस्तकातल्या पोरीला दोन दिवस याच्या खोलीत ठेवा, तिसऱ्या दिवशी कथा संपेल!"

"आणि ही?" मुलगा हसून हसून खाली बसला. "ही माझ्या ताटातलं चोरून खाते! रडत का होतीस ग? स्कूटर जाणार म्हणून?"

"मग! बसने जाऊ मी?"

हसता हसता मुलगा थांबला. हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. बाइंडरला ते उतरताना दिसलं.

"म्हणजे बाबा, शंका आली आणि तुम्ही मला घालवलंत. विचारलंही नाही. हिला मावशीकडे पाठवायचं नाही सुचलं तुम्हाला?"

खरं उत्तर होतं, नाही सुचलं. तेच तर सगळ्यात वाईट होतं.

"मी उद्या येतो साहेबांकडे," बाइंडर पुटपुटला. "पाया पडतो त्यांच्या."

"तुम्ही यायचं नाही," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सही माझी लागते ना? मग मी सांगीन. माझं घर इथे आहे, मी जात नाही, असं मीच सांगीन."

दुसऱ्या दिवशी त्याने सही करून दिली. बदली रद्द झाली. सकाळी स्कूटर दोघांना घेऊन निघते, जेवताना भांडणं होतात, बाइंडर आपल्या जुन्या जागेवर बसतो. बायकोने सहावा भाग आणायला सांगितला आहे, आणि उताणा घालणार नाही असं वचन दिलं आहे, ते काही ती पाळत नाही. गिऱ्हाइकासमोर पुस्तकाची पाठ चाचपताना बाइंडर आता काही बोलत नाही.

फक्त एक. संध्याकाळी हात-पाय धुऊन मुलगा दुकानात येतो, पुठ्ठे कापायला मदत करतो. आतलं दार उघडंच असतं. तरी हल्ली तो उंबऱ्याशी थांबतो आणि चौकटीवर बोटाने दोनदा टकटक करतो.

"ये की रे," बाइंडर म्हणतो. रोज म्हणतो.

मग मुलगा आत येतो.