चौदा पट्ट्यांची टेकडी

माझा नवरा निकिफोर याला आमच्या लुंका गावात सगळे इंजिनियर म्हणतात. तो इंजिनियर नाही. जमीनमोजणीचा दोन वर्षांचा कोर्स त्यानं केलाय, तोही तीन वर्षांत. पण गावच्या कचेरीत बसून माती आणि पाणी सांभाळायचं काम त्यानं जन्मभर केलं. निवृत्त झाला तेव्हा खुर्ची दुसऱ्याला दिली आणि काम घरी घेऊन आला.

काम म्हणजे काय, तर तीन काठ्या ठोकून केलेली एक त्रिकोणी चौकट. तिच्या टोकाला दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. नट मधोमध लोंबला तर जमीन समतल, नाहीतर उतार. ही चौकट तो चर्चमध्येही नेतो. मुलीचं लग्न ठरवायला गेलो, तेव्हा व्याही पेल्यांत वाइन ओतत होते आणि हा अंगणात गुडघ्यांवर बसून सांगत होता, "पाणी भिंतीकडे जातंय तुमचं. पाया खचेल." लग्न झालं, पाया काही खचला नाही. पण ते व्याही अजून पाऊस पडला की आम्हाला फोन करतात.

सव्वीस वर्षांपूर्वी सामुदायिक शेती मोडली आणि गावामागची टेकडी चौदा घरांत वाटायची ठरली. माथ्याची माती खडकाळ, मधली बरी, नदीकाठची लोण्यासारखी. वरचं कुणाला आणि खालचं कुणाला, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. तेव्हा निकिफोरनं दोरी काढली आणि माथ्यापासून नदीपर्यंत सरळ चौदा उभे पट्टे पाडले. प्रत्येकाला थोडं वाईट, थोडं बरं, थोडं लोणी. बोटभर इकडेतिकडे नाही. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. शेवटच्या पट्ट्याच्या गेरासिमनं तर त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि गेरासिम सहसा स्वतःच्या बायकोचेही घेत नाही.

न्याय झाला, टेकडीचं मात्र वाटोळं झालं. पट्टा जेमतेम चाळीस हात रुंद, त्यात आडवा नांगर वळणार कसा? सगळे वरून खाली नांगरायला लागले. पाऊस आला की प्रत्येक सरीतून पाणी धावत सुटायचं आणि माती घेऊन नदीला जायचं. दहा वर्षांत टेकडीला घळ पडली, मग घळीला फाटे फुटले. त्यातला एक आमच्याच घराकडे निघाला. गेल्या मार्चमध्ये तो आमच्या तळघरापासून आठ पावलांवर आला होता.

आमच्याकडे घराची इभ्रत तळघरावर असते. माझ्या तळघरात वाइनची तीन पिंपं, आंबवलेल्या कोबीचं एक आणि खारवलेल्या कलिंगडांचं एक. ते कोसळलं असतं तर मी गावात तोंड दाखवू शकले नसते.

निकिफोरनं सभा बोलावली. त्याचं म्हणणं सोपं होतं. घळीत विलोच्या झाडाच्या लवचिक फांद्यांची कुंपणं विणायची, तोंडाशी बाभळीची रोपं लावायची, आणि अख्खी टेकडी एकच शेत समजून ट्रॅक्टरनं आडवी नांगरायची.

"म्हणजे हद्दीच्या खुंट्या काढायच्या?" गेरासिमनं विचारलं.

"काढायच्या. पेरणी झाली की मी दोरीनं मोजून परत ठोकतो. तेव्हा दिलं होतं तसंच."

सगळे असे गप्प झाले की जणू कुणी मेलंय.

"निकिफोरदादा," पेत्राके म्हणाला, "उभे पट्टे तूच पाडलेस, आता आडवं नांगरा म्हणून तूच सांगतोस. एकदा काय ते ठरव की बाबा!"

"चुकलं माझं," निकिफोर म्हणाला. "तेव्हा मला माणसांची भांडणं दिसली, पाणी दिसलं नाही."

मला त्याचं फार वाईट वाटलं. तेवढ्यात माझी शेजारीण जाम्फिरा ओरडली, "मग आधी घरचं नांगर! पट्टा तुदोराच्या नावावर आहे ना? विचार तिला!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या अंगात जीव आहे तोवर माझी खुंटी हलणार नाही."

सभा संपली. निकिफोर चौकट उचलून घरी गेला.

आता खरं सांगते. जाम्फिराच्या बाजूची खुंटी मी बऱ्याच वर्षांपासून हलवत आले होते. नांगरणीच्या आदल्या दिवशी जायचं, खुंटी उपटायची, एक सरी पलीकडे ठोकायची. पहिल्यांदा रागानं केलं, कारण तिच्या कोंबड्यांनी माझे कांदे उकरले होते. मग सवय लागली. दोरी लागली असती तर सगळं उघडं पडलं असतं, तेही माझ्याच नवऱ्याच्या हातानं, आणि त्याचा तर न्यायाबद्दल तालुक्यात लौकिक.

घरी त्यानं भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात मी हरत नाही. त्यानं पिंपं तळघरातून काढून घरात आणायला सुरुवात केली. कोबीचं पिंप त्याच्या पलंगाशी आलं. आठवडाभर आम्ही त्या आंबट वासात झोपलो.

"हे कशाला इथे?" मी विचारलं.

"घळ आली तर तिला उगाच त्रास नको," तो म्हणाला.

मग एका सकाळी खिडकीतून पाहिलं, तर हा चौसष्ट वर्षांचा माणूस घळीत एकटाच उतरलेला. खुंट रोवतोय, फांद्या विणतोय, मधेच कमरेवर हात ठेवून थांबतोय. वरून चौदा पट्ट्यांचं पाणी आलं की ते कुंपण एका तासात वाहून जाणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी चीज भरून प्लाचिंता, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्या, भाजल्या आणि ताट घेऊन जाम्फिराकडे गेले.

"जाम्फिरा, मी तुझा बांध कोरलाय," मी उंबऱ्यातच म्हणाले. "नऊ सऱ्या."

ताट डोक्यात बसेल म्हणून मी एक पाऊल मागे सरले. ती उठली, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"हळू बोल ना मेले! माझ्याही आहेत."

"काय आहेत?"

"सऱ्या! पलीकडच्या पेत्राकेच्या. तू इकडून खायचीस, मी तिकडून भरून काढायची."

"आणि पेत्राके?"

"तो काय हात जोडून बसलाय? त्यानं पुढच्याच्या खाल्ल्या. असं करत करत पार गेरासिमपर्यंत."

"आणि गेरासिमच्या पलीकडे तर कुणीच नाही."

"रस्ता आहे की, सरकारी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या रस्त्यावरून पूर्वी दोन घोडागाड्या सहज एकमेकींना ओलांडायच्या, आता एक अडकते. गाव म्हणायचं, गाड्याच रुंद झाल्या.

"म्हणजे सभेत सगळे गप्प बसले ते..."

"दोरीच्या भीतीनं!" जाम्फिरानं प्लाचिंतेचा मोठा घास घेतला. "नवऱ्याला सांग, खुशाल नांगर. पण मोजू नकोस. खुंटी जिथून काढू तिथे खोल दगड पुरू आणि नंतर तिथेच ठोकू. आणि पुढच्या वेळी यात मीठ कमी घाल."

संध्याकाळी मी निकिफोरला तसंच सांगितलं. "बरं," तो म्हणाला आणि चौकटीच्या दोऱ्याची गाठ आवळायला लागला.

जाम्फिरानं घरोघर निरोप फिरवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदाही घरं तयार झाली. माणसं घळीत उतरली, कुंपणं विणली, बाभळी लावल्या. ट्रॅक्टरनं टेकडी आडवी नांगरली. पेरणी झाल्यावर निकिफोर शिस्तीत दोरी घेऊन उभा राहिला. "कुणाला मोजून हवंय?" गेरासिमची कंबर एकाएकी धरली. पेत्राके म्हणाला, दोरी ओली आहे, ओली दोरी आखडते, उगाच इंजिनियरच्या नावाला बट्टा नको. जाम्फिराला चुलीवरचं दूध आठवलं. निकिफोरनं दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

जूनमध्ये पाऊस आला, चांगला तीन तास. आम्ही दोघं घळीच्या तोंडाशी भिजत उभे राहिलो. पाणी आडव्या सऱ्यांत थांबत होतं, मुरत होतं. घळीत उतरलं ते करंगळीएवढं, आणि जो काही चिखल आला तो विलोच्या कुंपणाशी बसला. पाऊस थांबल्यावर निकिफोरनं तळघरापर्यंत पावलं मोजली. आठ. परत मोजली. आठच. तो लहान पोरासारखा हसला.

जेवताना मात्र तो मान खाली घालूनच म्हणाला, "जाम्फिरा सांगत होती, तू तिला नऊ म्हणालीस. अकरा आहेत."

"अकरा? तुला... तुला कसं माहीत?"

"अगं बाई, खुंटी तू हलवायचीस, पण नांगर कोण धरायचं?"

"इतकी वर्षं माहीत होतं? आणि तरी भर सभेत दोरीनं मोजतो म्हणालास? मला उघडं पाडणार होतास?"

त्यानं पेला खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझ्या पट्ट्यावर आलो," तो म्हणाला, "की दोरी अकरा सऱ्या जास्त सोडणार होतो."