अडलेला शब्द

सकाळच्या पहिल्या तासाला माझ्या वर्गात भाकरीचा वास येतो. शिंदखेड्याकडून, साक्रीकडून, अंधार फिटायच्या आत निघालेल्या एसटीने मुलंमुली धुळ्याच्या आमच्या कॉलेजात पोचतात, तेव्हा त्यांच्या दप्तरांतले डबे अजून कोमट असतात. ज्वारीचा तो उबदार, किंचित गोडसर गंध खडूच्या धुळीत मिसळतो, आणि मी पुस्तक उघडेपर्यंत वर्ग नुसता अहिराणीने गजबजलेला असतो. कुणाची गाडी चुकली, कुणाच्या कपाशीला बोंडं धरली, कुणाची म्हैस व्याली. मग मी इंग्रजी पुस्तक उघडते, आणि ती सगळी वाणी एका क्षणात मावळते.

या निःशब्दतेची सवय मला इतक्या वर्षांत झालेली नाही. सोळा वर्षं ज्या भाषेत हसलो, भांडलो, स्वप्नं पाहिली, ती दाराबाहेर ठेवून आत यायचं, आणि आतली भाषा तर अजून आपलीशी झालेली नाही. दोन्हींच्या मधल्या त्या निर्जन पट्ट्यात ही मुलं उभी असतात. त्यांना मंद म्हणणं किती सोपं असतं. पण ज्याला बोलता येतं त्याच्या गप्प बसण्यात जी वेदना असते, ती मोजायची कशी?

अकरावीच्या विज्ञानाच्या मुलांसाठी मी पूर्वतयारीचा वर्ग घेते. व्याकरण मी फारसं शिकवत नाही. धडा वाचायचा कसा, लांब वाक्यातलं क्रियापद आधी कसं हुडकायचं, प्राध्यापकांच्या भरभर बोलण्यातून मुद्दा कसा टिपायचा, आणि शंका आली तर हात कसा वर करायचा, हे शिकवते. शेवटी शिकवते ते मतभेद कसा मांडायचा. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नीट सांगा, मग ‘तरी’ म्हणून आपलं सांगा. अभ्यासाच्या जगातलं सौजन्य हेच आहे, असं मी मुलांना सांगते.

गेल्या वर्षी त्या वर्गात दीपाली नावाची मुलगी होती. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या एकत्र घरातली. दहावीला गणितात शाळेत पहिली आलेली. तिची जागा खिडकीजवळ, नजर कायम बाकावर. पाठांतर मात्र विलक्षण. पुस्तकातलं पानच्या पान ती स्वल्पविरामासकट उतरवायची, आणि ‘यातलं तुला काय पटलं?’ असं विचारलं की तिच्या चेहऱ्यावर अपराध्याची छाया पसरायची. एकदा तास संपल्यावर ती माझ्यामागे व्हरांड्यात आली.

“मॅडम, पुस्तकाशी पटलं नाही असं लिहिलं तर चालतं का?”

“का पटलं नाही ते लिहिलंस तर चालतं.”

“घरी असं कधी बोलले नाही मी,” एवढं म्हणून ती गेली. त्यानंतर तिच्या लिखाणात एखादं ओबडधोबड, चुकलेलं, पण तिचं स्वतःचं वाक्य दिसू लागलं. पाठ केलेल्या शंभर निर्दोष वाक्यांपेक्षा ते मला मोलाचं वाटे.

मग पहिली चाचणी झाली. भौतिकशास्त्राच्या पेपरात तिने निम्मी उत्तरं कोरी सोडली. येत नव्हती म्हणून सोडली नव्हती. ‘जस्टिफाय’ म्हणजे काय करायचं हेच तिला कळलं नव्हतं. कारण द्या, एवढंच हवं होतं, आणि कारणं तिला सगळी ठाऊक होती. ती यायची थांबली. आठवडाभराने एका दुपारी तिचे मोठे काका तिला घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, उन्हाने रापलेला उभा चेहरा. घर त्यांच्या शब्दावर चालत असावं हे दीपालीच्या बसण्यावरूनच कळत होतं. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हटलं.

“दाखला पाहिजे, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले. “पोरीला शिंदखेड्यालाच टाकतो. आर्ट्सला.”

मी कारण विचारलं. त्यावर कॉलेजसाठी आणलेली प्रमाण भाषा बाजूला ठेवून ते आपल्या भाषेत बोलू लागले.

“मी बी अमळनेरले गयथू, मॅडम, सायन्सले. बठ्ठं इंग्रजीमा. वरीस बी पुरं नई व्हयनं, घर परत उनू. आते हाई पोर घर येस, भाकर लोटी देस, रडस. मन्हासारखं तिनं व्हवाले नको.”

त्या आवाजात धाक नव्हता. इंग्रजीपायी वर्ष अर्धवट टाकून घरी परतल्याचं जुनं, मुरलेलं एक दुःख होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नये याची काळजी होती. मला त्यांच्याशी वाद घालवेना. मी दीपालीकडे वळून म्हटलं, “तुला काय वाटतं?”

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मान वर न करता बोलू लागली.

“नाना, तुम्हनं म्हननं खरं शे. मी रडस ते तुम्हले देखावत नई. शिंदखेडानं कॉलेज जवय शे, तठे मराठीमा शिकाडतस, मी तठे पह्यली बी येसू. तुम्हले जे दुख व्हयनं ते माले व्हवाले नको, म्हनीसन तुम्ही आठे उनात.”

नाना तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या मनातलं त्यांना स्वतःला इतकं नीट मांडता आलं नव्हतं.

“तरी,” ती म्हणाली, आणि आता तिने मान वर केली, “मी आठेच राहसू. माले गणित येस, नाना. ते कोनता शब्दमा इचारतस, तितलंच समजस नई. ते शिकता येस.”

माझ्या वर्गात इंग्रजीसाठी शिकवलेली रीत ती आपल्या घरच्या बोलीत, आपल्या घरच्या सर्वांत मोठ्या माणसासमोर वापरत होती. भाषा शिकवताना आपण नेमकं काय शिकवतो, हे आपल्याला तरी पुरतं ठाऊक असतं का?

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “जाय, तुन्हा तास व्हई.”

पुढचं आधीच सांगून टाकते. दीपालीला ते वर्ष सोपं गेलं नाही. एका विषयात ती राहिली, तो नंतर सुटला. घरी आईचा बरेच दिवस अबोला होता. मोठ्या माणसासमोर पोरीने तोंड उघडलं याचा. आता ती बारावीत आहे. वर्गात तिचा हात वर जातो, इंग्रजी अडखळतं, पण ती वाक्य पुरं करते.

त्या दुपारी मात्र ती तासाला निघून गेल्यावर मी नानांना सोडायला फाटकापर्यंत गेले. फाटकाशी ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि एखादी संकोचाची गोष्ट बोलावी तसे हळूच म्हणाले,

“एक इचारू का, मॅडम? अमळनेरले आम्हना सर खडू धरीसन फयाकडे वळेत, आनि पह्यला शब्द म्हनेत, सपोज. रोज. माले वाटे, कोनी तरी मोठा शास्त्रज्ञ व्हई. कोनले इचाराना धीर नई व्हयना. सपोज म्हंजे काय?”

“समजा,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत थांबले. “काय समजू?”

“तसं नाही, नाना. सपोज म्हणजेच ‘समजा’. समजा, एक गाडी या वेगाने निघाली. समजा, एक दगड वरून सोडला. तसं.”

“समजा,” ते पुटपुटले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यांच्याकडे ते पाहत राहिले. इतक्या वर्षांनी त्या वर्गातला फळा त्यांना पुन्हा दिसत असावा, आणि त्यावरचं पहिलं वाक्य आता कुठे उलगडत असावं.

“समजा,” ते पुन्हा म्हणाले, आता जरा मोठ्याने, “मी तवय कोनले इचारं व्हतं तं…”

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं, टोपी सारखी केली आणि स्टँडकडे चालू लागले.